अरण्यातून आलेला आवाज
गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातील एक भूमिगत नभोवाणी केंद्र

छापील शब्दाच्या इतिहासात गोमंतकाचे स्थान मानाचे आहे. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सुरू झाला. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ सालचे, म्हणजे देशातील जुन्या ग्रंथालयांपैकी एक. परंतु ज्या भूमीत खिळे जुळवण्याची कला प्रथम आली, त्याच भूमीत चारशे वर्षांनंतर साधी लग्नपत्रिका छापावयाची झाली तरी ती आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जावी लागे. छापील शब्दाची अशी नाकेबंदी झाल्यावर बोललेला शब्द तिच्यावरून कसा झेपावला, याची ही हकीकत आहे. एका ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात नभोवाणी केंद्रावर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या काळात वाचनालयाच्या कपाटात हवे ते पुस्तक ठेवता येत नव्हते, त्या काळात वाचनालयाचे निम्मे काम या केंद्राने केले, हे त्याचे उत्तर आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदू समाजाला शतकांनंतर मोकळा श्वास घेता आला. मराठी शाळा, वृत्तपत्रे, व्याख्यानमाला आणि वाचनालये यांना याच मोकळिकीत बहर आला. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ हे पत्र आणि लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे पोर्तुगीज भाषेतील निर्भीड लेखन ही त्या पर्वाची ठळक उदाहरणे होत. हे पर्व अल्पायुषी ठरले. २८ मे १९२६ रोजी लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला. १९३० साली वसाहतींचा कायदा आला. १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाले आणि १९३३ च्या राज्यघटनेने हुकूमशाहीला कायद्याचे वस्त्र नेसवले. वसाहतींच्या कायद्याचा निषेध करून स्वयंनिर्णयाचा हक्क मागणारा ठराव मिनेझिस ब्रागांझा यांनी ४ जुलै १९३० रोजी विधिमंडळात मांडला. त्यानंतर असे काही बोलण्यास गोव्यात जागाच उरली नाही. सभा, संस्था, वृत्तपत्र, पत्रक, प्रत्येकाला पूर्वपरवानगीची बेडी पडली.

बंदी आलेल्या शब्दाने हवेची वाट धरावी, हा विचार हिंदुस्थानात प्रथम प्रत्यक्षात आला तो मुंबईत, १९४२ साली. ‘छोडो भारत’ चळवळीचे नेते एका रात्रीत गजाआड गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले, आणि २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सहकारी पोलिसांना चकवीत जागा बदलत ते केंद्र चालवीत होते. वृत्तपत्रे जे छापू शकत नव्हती ते हा रेडिओ सांगे. विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथे काय घडले, हे अनेकांना त्यावरूनच समजले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत धाड पडली आणि तो आवाज थांबला. अडीच महिन्यांचे ते आयुष्य. या रेडिओमागे जी डोकी होती आणि जे आवाज त्यावरून ऐकू येत, त्यांत डॉ. राममनोहर लोहिया हे प्रमुख होते. गोमंतकाच्या दृष्टीने हा दुवा महत्त्वाचा आहे. १९४४ साली पकडले गेलेले लोहिया १९४६ च्या एप्रिलमध्ये सुटले आणि विश्रांतीसाठी असोळणे येथे आपले स्नेही डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे आले. विश्रांती बाजूला राहिली. १८ जून १९४६ रोजी मडगावात त्यांनी परवानगीवाचून सभेला उभे राहून बंदी मोडली. गोव्यात त्या दिवशी जो कायदा मोडला गेला तो बोलण्यावरच्या बंदीचा होता. आपण आज १८ जून हा क्रांतिदिन म्हणून पाळतो, तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे.

या सभेची किंमत पुढच्या काही महिन्यांत वसूल केली गेली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही हद्दपारी भोगावी लागली. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला, गोवा तसाच राहिला. १९५१ मध्ये लिस्बनने घटनेत दुरुस्ती केली, ‘वसाहत’ हा शब्दच पुसून टाकला आणि गोवा हा पोर्तुगालचा ‘सागरपार प्रांत’ असल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशातील एका मेजवानीत कोणी वक्ता गोव्याला पोर्तुगालचा भाग म्हणाला, डॉ. पुंडलीक गायतोंडे यांनी तेथेच आपला निषेध नोंदविला. एवढ्या उद्गारासाठी त्यांना अटक करून पोर्तुगालला पाठविण्यात आले. जेवणाच्या टेबलावरचे एक वाक्य ज्या राजवटीला पेलत नव्हते, तिला शब्दाचे भय किती होते हे वेगळे सांगावयास नको.

१९५४ च्या उन्हाळ्यानंतर घटना वेगाने घडल्या. जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैन्याने गोळीबार केला आणि वीसहून अधिक सत्याग्रही धारातीर्थी पडले. भारत सरकारने राजनैतिक संबंध तोडले, सीमा बंद केली, आर्थिक नाकेबंदी जारी केली. मुरगाव आणि कॅसलरॉक यांना जोडणारी आगगाडी थांबली. सत्याग्रह स्थगित झाला, पत्रके आत नेणे अवघड झाले, टपाल बेभरवशाचे बनले. सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा गोमंतकीय एकमेकांना दिसेनासा झाला.

नेमक्या याच वेळी, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, एक नवे नभोवाणी केंद्र ऐकू येऊ लागले. पोर्तुगीजमध्ये त्याचे नाव ‘व्होज द लिबेर्दाद’, कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. आंबोलीच्या दाट रानात ते प्रथम उभे राहिले आणि काही काळाने कॅसलरॉकच्या जंगलात गेले. दादरा-नगरहवेलीत पोर्तुगीजांकडून हस्तगत झालेल्या बिनतारी संचांत फेरफार करून त्यांचा प्रक्षेपक बनविला आणि तो एका ट्रकवर बसविला, असे या केंद्राच्या चालकांकडून सांगितले गेले आहे. शत्रूचेच यंत्र शत्रूविरुद्ध बोलू लागले.

जागेची निवड विचारपूर्वक केलेली होती. आंबोली आणि कॅसलरॉक दोन्ही घाटमाथ्यावर, गोव्याच्या सीमेला लागून, पण भारतीय हद्दीत. पोर्तुगीज पोलिसांचा हात तेथे पोहोचत नव्हता आणि रानामुळे हेरांची नजरही पोहोचत नव्हती. केंद्र चालू असतानाच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि कॅसलरॉक ज्या उत्तर कानडा जिल्ह्यात आहे तो मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातील आपल्या बांधवांना त्या तारखेची आठवण वेगळ्या कारणाने आहे. केंद्राच्या कामात मात्र त्यामुळे खंड पडला नाही.

केंद्राच्या उभारणीत निकोलाव मिनेझिस आणि पोर्तुगीज प्रशासनातील वरिष्ठ पद सोडून भारतात आलेले आंतोनियो फुर्तादो यांचा वाटा होता. परंतु सहा वर्षे ज्यांनी तो भार वाहिला ते दोघे म्हणजे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सरदेसाई माजोर्ड्याच्या जुन्या घराण्यातले, पोर्तुगीज भाषेवर प्रभुत्व असलेले. लिबिया लोबो मुंबईत वाढलेल्या, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी मुंबईत युद्धकैद्यांची पत्रे तपासणाऱ्या खात्यात काम केले होते. दुसऱ्याचे शब्द तपासण्याचे काम केलेली ही तरुणी पुढे तपासनिसांच्या राज्याविरुद्ध उभी राहिली, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, एक पुरुष आणि एक स्त्री, अशा दोघांनी मिळून हे काम केले, यालाही त्या काळी अर्थ होता. गोव्याचा लढा हा हिंदूंचा ख्रिस्त्यांविरुद्धचा कट आहे असे लिस्बन जगाला सांगत होते. त्याचे उत्तर ध्वनिक्षेपण सुरू होताच श्रोत्याला न सांगता मिळत असे. पुढे या दोघांनी विवाह केला.

काम कसे चालत असे? रानातील वास्तव्य एकाकी होते. पाऊस, जळवा आणि श्वापदे यांच्या सोबतीत, आपण कोठे आहोत व काय करतो हे जवळच्यांनाही न सांगता राहावयाचे. तेथूनच जगाच्या बातम्या टिपावयाच्या. देशी-परदेशी नभोवाण्या ऐकणे, हाती येतील ती वृत्तपत्रे वाचणे, गोव्यातून सुटून आलेल्यांकडून माहिती घेणे, मग मजकूर लिहिणे, त्याचे भाषांतर करणे आणि ठरलेल्या वेळी ध्वनिक्षेपकासमोर बसणे, अशी ही दिनचर्या होती. लेखक, संपादक, भाषांतरकार आणि निवेदक एकच. पणजीत १९४६ पासून ‘एमिसोरा द गोवा’ हे सरकारी केंद्र होते. त्याच्यापाशी साधने होती, संगीत होते, सत्ता होती. रानातल्या केंद्रापाशी युक्तिवाद होता.

युक्तिवाद हाच या केंद्राचा गाभा होता, आणि घोषणा देणाऱ्या इतर प्रचारयंत्रणांपासून त्याचे वेगळेपण त्यातच आहे. लिस्बनचे म्हणणे घ्यावयाचे आणि त्याला उत्तर द्यावयाचे, अशी त्याची रीत. त्या सहा वर्षांत उत्तरे देण्याजोगे प्रसंगही भरपूर आले. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि आपल्याकडे वसाहतीच नाहीत असे सांगू लागला. त्याच महिन्यात दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेसाठी त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर फिर्याद केली. तिचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. न्यायालयाने खासगी व्यक्ती आणि नागरी अधिकारी यांचा जाण्यायेण्याचा पूर्वापार हक्क मान्य केला, पण सैन्य व शस्त्रे नेण्याचा हक्क नाकारला आणि भारताने काही वावगे केले नाही असा निर्वाळा दिला. डिसेंबर १९६० मध्ये राष्ट्रसंघाने गोव्याची गणना पोर्तुगालच्या परतंत्र प्रदेशांत केली. फेब्रुवारी १९६१ पासून अंगोलात उठाव सुरू झाला. गोव्यातील वृत्तपत्रांत या घटना एक तर येत नसत, किंवा सेन्सॉरच्या गाळणीतून येत. गोव्याच्या माणसाला आपला प्रश्न एकट्याचा नाही, आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेल्या एका मोठ्या प्रश्नाचा तो भाग आहे, ही दृष्टी या ध्वनिक्षेपणांनी दिली. नेहरूंची निवेदने, मुक्तिलढ्यातील घडामोडी आणि तुरुंगातील कैद्यांची वार्ता त्यांतून कळे. तुरुंगात असलेल्याचे नाव हवेतून ऐकू आले की त्याला विसरलेले नाही एवढा दिलासा घरच्यांना मिळत असे.

तथापि या केंद्राचे काम सोपे नव्हते, आणि कठीणपणा केवळ पोर्तुगीजांमुळे नव्हता. नाकेबंदीची झळ सामान्य गोमंतकीयाला लागत होती. मुंबईत आगबोटींवर, स्वयंपाकघरांत, कचेऱ्यांत राबणाऱ्या हजारो गोमंतकीयांना घरी पैसे पाठवणे दुरापास्त झाले. आजारी आईला भेटावयास जाणे म्हणजे परवान्यांची यातायात. पोर्तुगीज सरकारने याचा पुरेपूर फायदा उठविला. हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट बाजारात आणून त्याने लोकांना दाखविले की तुमचे पोट आम्ही भरतो, भारत तुम्हांला उपाशी मारू पाहतो. लोहखनिजाच्या निर्यातीने काहींच्या हाती पैसाही खेळू लागला. अशा वेळी भारताची बाजू गोव्याच्या माणसाला त्याच्याच घरात समजावून सांगणे हे कसोटीचे काम होते. सालाझारशाहीवर टीका करणे सोपे; ज्या धोरणाने श्रोत्याचा मनिऑर्डरचा आधार तुटला त्या धोरणाचे समर्थन करणे अवघड. केंद्र भारत सरकारच्या संमतीने चालत असल्याने त्याला दिल्लीच्या धोरणाबाहेर जाता येत नव्हते, ही त्याची मर्यादाही स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. दिल्ली शांततेच्या मार्गावर होती तोवर केंद्रालाही धीर धरा एवढेच सांगणे भाग होते, आणि सहा वर्षे धीर धरा म्हणणे हे निवेदकाच्या दृष्टीने रानातल्या वास्तव्याहून अधिक कष्टाचे असले पाहिजे.

मराठी वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहील. ज्या गोव्यात मराठी वृत्तपत्रे, मराठी शाळा आणि मराठी वाचनालये यांनी जागृतीचे काम केले, त्या गोव्यासाठीचे हे केंद्र पोर्तुगीज आणि कोंकणी या दोन भाषांतूनच का ओळखले जाते? याचे उत्तर भाषावादाच्या चष्म्यातून शोधू नये. ते माध्यमाच्या स्वभावात आहे. पोर्तुगीज ही सत्तेची भाषा होती. जे अधिकारी, वकील, शिक्षक आणि पाद्री त्या राजवटीचा आधार होते, त्यांच्याशी वाद घालावयाचा तर तो त्यांच्याच भाषेत घालणे प्राप्त होते, आणि लिस्बनच्या प्रचाराचे खंडनही त्याच भाषेत अधिक बोचत असे. कोंकणी ही घरातली बोली. जो नागरी वाचत नाही आणि रोमीही वाचत नाही, त्या शेतकऱ्यालाही ती कळे. मराठीची सत्ता अक्षरावर होती. ग्रंथ, कीर्तन, वृत्तपत्र आणि पत्रव्यवहार यांत ती नांदत होती. बेळगाव, सावंतवाडी आणि मुंबई येथील मराठी पत्रांनी व कार्यकर्त्यांनी लढ्याला जे बळ दिले ते याच अक्षराच्या वाटेने. एका वाटेवर पहारा बसला तेव्हा दुसरी मोकळी राहिली. या दोन भाषांनी मुक्तिलढ्यात एकमेकींची कामे वाटून घेतली होती, हे सत्य नंतरच्या वादांच्या धुरळ्यात दिसेनासे झाले. ते पुन्हा सांगणे हे आपल्यासारख्या संस्थेचे कर्तव्य आहे.

१९६१ च्या डिसेंबरात या केंद्राचे काम कळसास पोहोचले. भारतीय सैन्य सीमेवर जमत होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचे, गव्हर्नर जनरलने शरण यावे असे आवाहन या केंद्रावरून प्रक्षेपित झाले. तिकडे सालाझार यांनी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा आदेश धाडला होता. १८ डिसेंबरच्या पहाटे सैन्य आत शिरले. भारतीय विमानांनी पहिल्याच दिवशी ज्या ठिकाणांवर मारा केला त्यांत बांबोळीचे बिनतारी केंद्र होते, आणि त्यामुळे गोव्याचा लिस्बनशी असलेला संपर्क तुटला. १९ डिसेंबरच्या रात्री व्हासालो इ सिल्वा यांनी शरणपत्रावर सही केली. सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ध्वनिवर्धक बसविलेल्या विमानातून गोव्यावरून उड्डाण करीत मुक्तीची वार्ता पोर्तुगीज व कोंकणी भाषांतून लोकांना सांगितली. सहा वर्षे ज्यांचे चेहरे कोणाला ठाऊक नव्हते त्यांचा आवाज त्या दिवशी आकाशातून अक्षरशः माथ्यावर आला. ‘आकाशवाणी’ हा शब्द इतका सार्थ क्वचितच झाला असेल.

आता मूल्यमापन. गोवा सैन्याने मुक्त केला, हे निर्विवाद आहे. दोन दिवसांच्या कारवाईत जे घडले ते सहा वर्षांच्या भाषणांनी घडले नव्हते. मग या केंद्राचे श्रेय कोणते? सैन्य आले तेव्हा गोव्याच्या जनतेने त्याला परके मानले नाही आणि सालाझारला अपेक्षित असलेला रक्तरंजित प्रतिकार झाला नाही. पूल उडविले गेले, पण शहरे वाचली. माणसे मनाने तयार असल्यावाचून असे होत नाही, आणि ही तयारी करणाऱ्यांत तुरुंगातल्यांबरोबर, सत्याग्रहींबरोबर या केंद्रालाही स्थान दिले पाहिजे. त्याचा वाटा किती हे मोजण्याचे माप कोणापाशी नाही. चोरून ऐकणारा श्रोता आपली नोंद ठेवीत नसतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. वामन सरदेसाई भारताच्या परराष्ट्र सेवेत गेले आणि ज्या अंगोलाचा लढा त्या काळात गाजत होता, त्याच स्वतंत्र अंगोलात भारताचे राजदूत झाले. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९४ मध्ये ते निवर्तले. लिबिया लोबो सरदेसाई यांनी मुक्त गोव्यात पर्यटन खात्याच्या पहिल्या संचालक म्हणून काम केले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर. आणि लिस्बन? २५ एप्रिल १९७४ च्या मध्यरात्रीनंतर तेथील एका नभोवाणी केंद्रावरून बंदी असलेल्या गायकाचे एक गीत वाजले. बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी ठरविलेली ती खूण होती. दिवस मावळण्यापूर्वी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व कराराने मान्य केले. शब्दाला भिणाऱ्या राजवटीची अखेरची घटकाही हवेतून आलेल्या आवाजानेच वाजविली.

छापलेला शब्द कपाटात राहतो, बोललेला विरून जातो. ‘भारत’चे जुने अंक शोधले तर सापडतात, १९५७ सालच्या एखाद्या सायंकाळी रानातून काय सांगितले गेले हे आज कोण सांगणार? ज्यांनी दारे लावून, आवाज बारीक करून ते ऐकले, त्यांच्यापैकी जे हयात आहेत ते नव्वदीच्या घरात असतील. त्यांच्या आठवणी टिपून ठेवणे, घरोघरच्या ट्रंकांतील टिपणे, पत्रे आणि कात्रणे मिळविणे, त्यांना क्रमांक देऊन कपाटात जागा देणे, हे काम सरकारी दप्तरखान्यावर सोपवून चालणार नाही. ते गावच्या वाचनालयालाच जमण्यासारखे आहे. शंभर वर्षे आपण छापील शब्द सांभाळला. पुढील शतकाचा आरंभ ऐकलेला शब्द लिहून ठेवण्याने करावा, आणि त्या कामाला उशीर करू नये.